धडकेला जागा लागते

मी एडका बोलतोय. समोर उभं राहून ऐकू नका, जरा कडेला सरा. समोर कुणी दिसलं की माझं टाळकं शिवशिवतं. यात तुमचा काही दोष नाही, माझाही नाही. दोष टाळक्याचा.

नाव धडक्या. मुक्काम आंबवड्याच्या वर, डोंगराला चिकटलेली एक वाडी. शिक्षण अर्धवट. दुसरीचं अर्धं पुस्तक मी खाल्लं, उरलेलं अर्धं सुलक्षणा मॅडमनी माझ्या तोंडातून ओढून काढलं. कविता पोटात जिरल्या, धडे दातात अडकले. म्हणून माझ्या बोलण्यात सूर आहे, पण तात्पर्य फारसं सापडायचं नाही.

कापूरहोळच्या चौकात धनगरांची मेंढरं हमरस्ता ओलांडत होती आणि एका टेम्पोवाल्याला घाई झाली होती. त्यानं माझ्या आईला उडवलं. तिचं रक्त डांबरावरून वाहत गटारापर्यंत गेलं, आणि मी, नुकताच पायावर उभं राहायला शिकलेला, धाब्याच्या बाकड्याखाली घुसलो. तिथं कोंडिबा भजी खात बसला होता. त्याचा मुलगा हनुमंत त्याच चौकात पंक्चर काढतो, त्याला भेटायला तो आला होता. धनगर म्हणाला, "न्या आबा. आई न्हाई, ह्यो काय जगायचा न्हाई."

कोंडिबानं माझ्या कपाळावर बोटानं टिचकी मारली. "जगंल. कपाळ न्हाई ही, भिंत हाय."

घरी हनुमंताची बायको मंगल होती आणि तिच्या मांडीवर सोनिया, तेव्हा दूधपितीच. एक बाटली माझी, एक तिची. कधी कधी अदलाबदल व्हायची. म्हणून मंगल आजही म्हणते, "एकाच दुधावर वाढल्याली दोन जनावरं हायती ही." आता सोनिया तिसरीत आहे आणि मी म्हातारा. मेंढराचं वय असं पळत जातं. तुमचंही जातं, पण तुम्ही केसांना काळं लावता.

कोंडिबाला सगळी वाडी आबा म्हणते. आबानं मला हरभरा चारला, डोंगर चढवला, चिंचेच्या बुंध्यावर टकरा घ्यायला लावल्या. त्यानं शिकवलेला धडा एकच. आबाचा हात वर गेला की मागं सरायचं, आणि मग जे समोर असेल त्याच्यावर सुटायचं. मी हुशार विद्यार्थी. पहिल्याच आठवड्यात आबाची सायकल, मंगलचा रांजण आणि मतं मागायला आलेला एक माणूस, तिघांना आडवं केलं.

टकरा आता चोरून होतात. सारोळ्याच्या पुलापलीकडं, नीरेच्या काठी, जत्रेच्या दिवसांत. पोलीस आले की सगळे म्हणतात, एडक्यांना पाणी पाजायला आणलंय. पोलीसही म्हणतात, पाजा. आणि बघत उभे राहतात.

काय दिवस होते ते. समोरासमोर मागं सरायचं, मग सुटायचं, आणि टाळक्यावर टाळकं असं वाजायचं की पुलावरच्या एसटीतली माणसं खिडकीतून डोकी काढायची. नाकातून रक्त आलं की माणसं नाचायची. मला वाटायचं, माझं रक्त बघून एवढा आनंद होतोय म्हणजे ते फार चांगलं असणार. एकदा वाईकडचा काळा एडका आला, माझ्याहून दांडगा. दोनदा त्यानं मला गुडघ्यावर आणलं. तिसऱ्या टकरीला त्याची मान मोडली. वाळूत त्याचे पाय बराच वेळ ताशा वाजवल्यासारखे हलत राहिले, आणि माझ्या शिंगांवर गुलाल पडला. रक्त कुठलं आणि गुलाल कुठला, ते माशांनासुद्धा कळेना.

पुढं माझंही डावं शिंग मुळापासून गेलं. आबा रडला. शिंगासाठी रडला की माझ्यासाठी, ते त्यालाच विचारा. एका शिंगाच्या एडक्याला टकरीत कुणी घेत नाही, म्हणून मी निवृत्त झालो आणि शाळेत लागलो.

म्हणजे असं की, आमचं घर आणि वाडीची शाळा एकाच अंगणात. सावली फक्त शाळेच्या बाजूला, म्हणून दिवसभर माझं दावं शाळेच्या खिडकीच्या गजाला. आत सुलक्षणा मॅडम, भोरहून स्कूटीवर येणाऱ्या. त्या विचारायच्या, "कोण सांगेल? हात वर करा." सगळ्या वर्गाचे हात वर. आता तुम्हीच सांगा, मी काय करणार? मी मागं सरायचो आणि भिंतीवर धडकायचो. पोरं जितकी हुशार होत गेली तितका भिंतीचा गिलावा पडत गेला. शेवटी खिडकीखाली माझ्या तोंडाएवढं भोक पडलं. माझं सगळं शिक्षण त्या भोकातून झालंय. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हे काय? मॅडम म्हणाल्या, "गुणवत्ता वाढली सर."

सोनिया त्या वर्गातली सगळ्यात मारकुटी पोरगी. भूक लागली की मारायची, आनंद झाला की मारायची, कुणी आवडलं की त्याला जरा जास्त मारायची. तिनं गेनूच्या डोक्यात पाटी घातली, एकीच्या वेणीला धरून तिला फरफटत हापशापर्यंत नेलं, आणि अमृतच्या कानाला असा चावा घेतला की त्याला भोरला टाके घालायला न्यावं लागलं. मी भोकातून बघत होतो. चाव्याची जागा अचूक होती. मला बरं वाटलं, घराण्याचं नाव राखलं म्हणून.

पण अमृतचा बाप म्हणजे आनंदराव. शाळेच्या समितीचा अध्यक्ष. इस्त्रीचा सदरा घालतो आणि खुर्चीशिवाय त्याला राग नीट येत नाही. त्याला खुर्ची दिली, मग तो म्हणाला, "मॅडम, ही पोरगी हाय का तरस? पुन्यांदा हिचा हात उठला तर दाखला काढून घ्या म्हणावं."

शाळेत बोलावून आणलेल्या हनुमंतानं मान खाली घातली. "तशी येळ येणार न्हाई. आली तर म्याच तिला भोरला टाकतो, वसतिगृहात. ऱ्हाऊ दे तिकडंच."

सोनिया दाराआड होती. भोर म्हणजे काही परदेश नाही. पण तिच्या लेखी तिकडं आई नाही, आबा नाही आणि मी नाही. ती रात्री उठून आईच्या पदराचं टोक मुठीत आहे का ते चाचपून बघणारी पोरगी. बाहेर वाघीण, घरात कोकरू. हे वाडीत फक्त आम्हा दोघांना ठाऊक, मला आणि मंगलला.

घरी आल्यावर हनुमंतानं तिला मारलं. दोन्ही गालांवर, मग पाठीत, मग ती पडली तेव्हा लाथेनं. "मारशील? पुन्यांदा मारशील कुणाला?" मारू नये हे कळावं म्हणून मारत होता. माणसांचं हे शास्त्र माझ्या डोक्यात कधी शिरलं नाही. मी पडलो अर्धवट शिकलेला.

मात्र दर वेळी त्याचा हात वर गेला की माझे खूर आपोआप मागं जात. आबाचा हात काय आणि त्याच्या लेकाचा काय, मला हात म्हणजे हात. दावं गळ्याला काचायचं, डोळे बाहेर यायचे. मारून दमला की हनुमंत ओट्यावर बसायचा, आणि सोनिया नाक पुसत माझ्याकडं यायची. मी अजून मागंच सरलेला, सुटायच्या बेतात. दुसरं कुणी असतं तर पळालं असतं. ती सरळ पुढं यायची, माझ्या कपाळाला कपाळ लावायची. "गप. म्या हाय."

आता एडक्याचं गुपित सांगतो, बाहेर बोलू नका. धडकेला जागा लागते. मागं सरायला जागा, पळायला जागा. कुणी कपाळालाच येऊन चिकटलं तर एवढा मोठा धडक्या नुसता लोकरीचा ढीग होतो. हे अख्ख्या वाडीत त्या एका पोरीनं शोधून काढलं होतं.

मॅडमनी पुढच्या आठवड्यात कागदाच्या ताटल्यांवर तोंडं काढून आणली. हसरं, रडकं, घाबरलेलं, रागावलेलं, लाजलेलं. "आज तुम्हाला कसं वाटतंय, ती ताटली उचला." सगळ्या पोरांनी रागाच्या एकाच ताटलीवर झडप घातली आणि ती फाटली. मॅडमनी दुसऱ्या दिवशी रागाच्या जास्त ताटल्या आणल्या. चिवट बाई. मग त्यांनी घरच्यांनाही अभ्यास दिला. संध्याकाळी पोराला विचारायचं, आज तुला काय वाटलं?

हनुमंतानं तो अभ्यास केला. सोनियाला समोर उभं केलं. "बोल. काय वाटलं आज?"

"काय न्हाई."

"खरं सांग."

"खरंच काय न्हाई, पप्पा."

"खरं सांग म्हणतोय न्हवं?"

चुलीपुढून मंगल म्हणाली, "आवो, घरात बसलाय का ठाण्यात?"

आनंदरावानं अमृतला मोबाईलवरून डोळे न काढता विचारलं. अमृत म्हणाला, "मला मरावंसं वाटलं." आनंदराव म्हणाला, "शाब्बास."

आमच्या घरी मात्र एक गंमत झाली. सोनियानं अभ्यास उलटा केला. "आई, तुला काय वाटलं आज?" मंगलचा हात थापता थापता थांबला. ती तव्याकडं बघत बसली आणि भाकरी जळून कोळसा झाली. ती भाकरी मला मिळाली, म्हणून ही पद्धत मला फार आवडली.

मग मॅडमनी तो धडा शिकवला, ज्यानं सगळा घोटाळा झाला. "राग आला की लगेच हात नाही उचलायचा. काय करायचं? मागं सरायचं. नाकानं मोठा श्वास घ्यायचा. आणि मग बोलायचं."

मॅडम भोरच्या. चांगल्या शिकलेल्या. पण आमच्या वाडीतली पोरं रांगायची तेव्हापासून मला बघत आलीत. मागं सरणं आणि नाकानं फुसफुसणं म्हणजे काय, हे त्यांना आईच्या नावाआधी कळतं. धडा ऐकून सगळा वर्ग एकमेकांकडं बघू लागला. मॅडम टकरा शिकवायला लागल्या, हे कुणाला खरं वाटेना. पण बाईंना उलटून कोण विचारणार? पोरांनी मान डोलावली. मी भोकातून बघत होतो. मी तर टाळ्या वाजवल्या असत्या, खूर जमिनीवर नसते तर.

खिचडीच्या सुट्टीत अमृत ताट हातात घेऊन सोनियाजवळ आला. कानावर अजून पट्टी. म्हणाला, "तुला भोरला टाकणार हायती. आन् तू गेलीस का तुझा एडका जत्रंला कापणार. आमचे पप्पा रस्सा प्यायला येनार हायती."

सोनिया पांढरी पडली. मूठ आवळली. मी मनात म्हटलं, दुसरा कान. पण तिला भोर आठवलं असावं, आणि मॅडमही. ती मागं सरली. आणखी मागं. नाकपुड्या फुगवून तिनं मोठा श्वास घेतला. अगदी शिकवल्याबरहुकूम.

अमृतच्या तोंडचा घास पडला. ती आता सुटणार, हे त्याला लख्ख दिसलं. त्यानं स्टीलचं ताट दोन्ही हातांनी धरलं आणि खिचडीसकट तिच्या तोंडावर हाणलं. ओठ फाटला, एक दात खिचडीत पडला. ती मागं सरत राहिली, तर त्यानं कडेनं पुन्हा हाणलं, भुवईवर. रक्तानं तिचा एक डोळा बंद झाला. भिंतीला टेकेपर्यंत ती मागं सरली, आणि तिचा हात उठला नाही.

पोरांनी साक्ष काय दिली? "मॅडम, सुरुवात सोनियानं केली. ती मागं सरली."

दुसऱ्या दिवशी आनंदराव आला, खुर्ची आली. कापूरहोळहून हनुमंत आला, हातावर ट्यूबचं काळं तसंच. आबा मला चरायला न्यायला निघाला होता, तो माझं दावं हातात धरून तिथंच थांबला. सोनिया ध्वजाच्या कट्ट्यापाशी उभी, ओठ वांग्याएवढा.

आनंदराव म्हणाला, "दाखला."

मॅडम म्हणाल्या, "तिनं हात उचललाच नाही हो. ती मागं सरली. मीच सांगितलंय मागं सरायला."

मग आबा म्हणाला, "मॅडम, राग नका धरू. पर मागं कोन सरतंय?"

"म्हणजे?"

आबानं माझ्याकडं बोट केलं. मी शक्य तितका निरागस दिसायचा प्रयत्न केला. मॅडमनी माझ्याकडं बघितलं, भिंतीतल्या भोकाकडं बघितलं, आणि त्यांचा हात आपोआप कपाळाला गेला. "अगं बाई," एवढंच म्हणाल्या.

"म्हंजी शाळाच टकरा शिकवतीया," आनंदराव म्हणाला. "ते काय का असंना. ही पोरगी हितं नगं."

तेव्हा आबानं हात जोडले. म्हातारा, मिशीवाला, नीरेच्या काठी ज्याच्या नावानं शिट्ट्या वाजायच्या, तो आनंदरावाच्या इस्त्रीपुढं वाकला. "आनंदराव, पोरगीला घालवू नका. ती आईबिगार झोपत न्हाई."

हात जोडायला दोन्ही हात लागतात. माझं दावं खाली पडलं. कुणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं.

बापाला वाकलेलं बघून हनुमंताच्या डोळ्यांत रक्त उतरलं. राग आनंदरावाचा, पण आनंदरावाला मारता येत नाही. मग राग उतारानं जातो, पाण्यासारखा, जिथं सगळ्यात खोलगट तिथं. तो सोनियावर धावला. "तुझ्यापायी म्हाताऱ्यानं हात जोडलं." आणि त्यानं हात वर केला.

हात वर गेला, मी मागं सरलो. आज दावं काचलं नाही. मागं जागाच जागा. कुणीतरी ओरडलं, "आबा, एडका सुटला." अमृत खिडकीच्या गजांवर चढला, आनंदराव खुर्चीवर. आणि मी सुटलो, एक शिंग पुढं, हनुमंताच्या बरगड्यांवर नेम धरून. काळ्या एडक्यानंतर इतका चांगला नेम मी धरला नव्हता.

सोनियानं वर बापाचा हात बघितला आणि कडेनं मी येताना बघितलं. मागं सरायला तिला जागा होती. सगळं पटांगण होतं. ती पुढं गेली. बापाच्या पोटात डोकं खुपसलं, कमरेला मिठी मारली, आणि आता माझ्यापुढं हनुमंताच्या बरगड्या नव्हत्या, तिची पाठ होती.

एडक्याला सुटल्यावर थांबता येत नाही. मान वळवता येते, पण आजवर मला तशी गरज पडली नव्हती. मी वळवली. ध्वजाचा कट्टा दगडी आहे. आवाज असा झाला की खाली आंबवड्यात कुत्री भुंकली म्हणतात. उजवं शिंग तुटून पटांगणात गरगरत गेलं. तोंडावर रक्ताचा पडदा आला, आणि त्या लाल पडद्याआडून मी पुढचं पाहिलं.

सोनिया बापाच्या सदऱ्यात तोंड घालून बोलत होती. फाटक्या ओठानं बोलत होती, म्हणून शब्द ओले येत होते. "पप्पा, मला भ्या वाटतंय. तुमचं भ्या वाटतंय. भोरचं बी वाटतंय."

हनुमंताचा हात अजून वरच. पण ती इतकी चिकटली होती की हाणायला जागाच नव्हती. वर गेलेला हात कुठंतरी खाली यायला लागतोच. तो शेवटी तिच्या पाठीवर उतरला. मारायला नाही, पण कुरवाळायला तरी त्याला कुठं येत होतं? ट्यूबवर ठिगळ चिकटेपर्यंत दाबून धरतात ना, तसा नुसता दाबून धरला त्यानं. बराच वेळ.

आबा जमिनीकडं बघत होता. हात वर करून त्यानं मला शिकवलं होतं. माझ्याआधी हनुमंतालाही त्यानंच शिकवलं होतं, हे त्या दिवशी त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

मग खिडकीच्या गजांवरून आवाज आला. अमृत. "म्याच मारलं पयल्यांदा. तिनं काय केलं न्हाई. मला बी भ्या वाटलं व्हतं."

आनंदराव खुर्चीवर उभाच होता. तो खाली उतरला, सदरा झटकला. "बरं. दाखल्याचं सध्या ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. त्या 'सध्या'वर त्याची अब्रू टांगलेली आहे, म्हणून आम्ही कुणी त्या शब्दाला हात लावत नाही.

आता मी दोन्ही शिंगं गेलेला. दिसतो म्हशीच्या रेडकासारखा. आबा रोज जखमेला हळद लावतो आणि माझ्याशी फारसं बोलत नाही. मॅडमनी धडा बदलला. आता राग आला की मागं सरायचं नाही, खाली बसायचं. बसलेला एडका कधी धडकत नाही, हे त्यांनी येऊन आबाला विचारून घेतलं. वर्गात उत्तर येत असेल तर हात वर न करता बोट नाकावर ठेवायचं, भिंत वाचावी म्हणून. भोक मात्र त्यांनी बुजवू दिलं नाही. मधल्या सुट्टीत एखादं पोर येतं, भोकातून माझ्या कपाळाला कपाळ लावतं आणि जे काय असेल ते सांगतं. अमृत सगळ्यात जास्त येतो. त्याचं काय आहे ते मी सांगणार नाही. अर्धवट शिकलेला असलो तरी चुगलखोर नाही.

हनुमंत सुधारला का? तुम्हाला लगेच गोड शेवट हवा असतो. दोनदा त्याचा हात खांद्यापर्यंत गेला आणि त्यानं माझ्याकडं बघितलं. माझ्या शिंगांच्या जागेकडं. मग तो हात खिशात घातला. एकदा नाही घातला. त्या रात्री मंगल त्याच्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "मला काय वाटलं ते इचारा आता." त्यानं विचारलं. मी ऐकत होतो. ती पहाटेपर्यंत बोलत होती.

मोठ्या माणसांनो, हे तुमच्यासाठी आहे. पोरानं येऊन तुमच्या पोटात डोकं खुपसायची वाट बघू नका. त्याला ते करावं लागलं, तर त्याच्या पाठीमागं एडका सुटलेला असतो. आणि प्रत्येक एडका मान वळवत नाही.

चला, झालं माझं. सुरुवातीला म्हणालो होतो, समोर उभे राहू नका. आता या. अजून जवळ या, लाजू नका. टेकवा कपाळ. बघा, आता मला मुळीच धडकता येत नाही. फक्त तुमच्या वरच्या खिशातला तो कागद तेवढा खाता येतो.